निकाल झाकून: माझ्या ऑनलाइन पोकरच्या 120 डावांच्या प्रकल्प नोंदी

8 जून 2025, रविवार

ओंकार काल रात्रीच मुक्कामाला आला. आज पोहे खाता खाताच आम्ही कामाला हात घातला. काम असं आहे: एप्रिल 2023 पासून यंदाच्या मेअखेरपर्यंत मी ऑनलाइन पोकरचे जे डाव खेळलो, त्यांच्या नोंदी ॲपवरून उतरवून घेतल्या आहेत. त्या एका जागी लावायच्या आणि त्यातून माझा खेळ तपासायचा. टेक्सास होल्डम (प्रत्येकाला दोन पत्ते झाकलेले, टेबलावर पाच सगळ्यांचे), नो-लिमिट (पैसे लावायला वरची मर्यादा नाही), सहा जणांचं टेबल, ब्लाइंड (पत्ते बघण्याआधी दोघांनी सक्तीने घालायची रक्कम) 5 आणि 10 रुपये, म्हणजे स्मॉल आणि बिग. एकूण डाव 38,412.

ओंकार म्हणजे आक्काचा मुलगा, इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रोग्राम तो लिहिणार, पत्त्यांचं मी बघणार. दोन वर्षं ऑफिस आटोपून रात्रीचे दीड-दोन तास मी या खेळाला दिले आहेत. मला हा खेळ मनापासून आवडतो. आपल्याला तो कितपत येतो हे आता नीट कळायला हवं, म्हणून हा खटाटोप.

दुपारी पहिली बेरीज आली. दर शंभर डावांमागे 3.1 बिग ब्लाइंड नफा, म्हणजे सव्वादोन वर्षांत टेबलावर मिळवलेले 11,908 रुपये. ॲपवाला प्रत्येक पॉटमधून (डावात जमलेल्या पैशांतून) जो रेक, म्हणजे स्वतःचा वाटा, कापतो तो वजा जाऊन. आकडा बघून बरं वाटलं.

14 जून, शनिवार

हा आकडा अपुरा आहे. मी दिवसभर लोकांचे कर बघतो आणि स्वतःच्या या खात्यात कराची ओळच घातली नव्हती.

1 ऑक्टोबर 2023 पासून ऑनलाइन पैशांच्या खेळात भरलेल्या पूर्ण रकमेवर 28 टक्के जीएसटी लागतो. 100 रुपये भरले की खेळायला 78 रुपये 12 पैसे उरतात. माझ्या ॲपने सुरुवातीला तेवढाच बोनस देऊन हा भार उचलला, नंतर तो बोनस अटींखाली गेला आणि माझ्या हाती फारसा आला नाही. तेव्हापासून मी एकूण 60,000 रुपये भरले. 28 भागिले 128 धरून कर झाला 13,125. नफा 11,908, कर 13,125. म्हणजे 1,217 रुपयांचा तोटा.

जिंकणारा माणूस 60,000 भरतोच कशाला, असं ओंकारने विचारलं. कारण मी चार पैसे वर आले की काढून घ्यायचो आणि पंधरा दिवसांनी परत भरायचो. घरात विश्वास राहावा म्हणून तसं करत होतो. पण परत भरलेल्या प्रत्येक रुपयावर कर नव्याने बसला. एकदाच भरून ती रक्कम तशीच खेळवली असती तर निम्म्याहून जास्त कर वाचला असता. पोकर शिकवणारे पत्ते शिकवतात, हे कुणी सांगत नाही. वर वर्षाच्या निव्वळ जिंकलेल्या रकमेवर 30 टक्के टीडीएस आहे तो वेगळा. पैशाने खेळणाऱ्याने पहिलं पान हिशेबाचं लिहावं, असं माझं ठाम मत झालं आहे.

22 जून, रविवार

आज ओंकारने दुसरा धक्का दिला. म्हणाला, "मामा, तुझा 3.1 हा आकडा कशाचाच पुरावा नाहीये."

सहा जणांच्या नो-लिमिट टेबलावर शंभर डावांचा निकाल सरासरीच्या 80 ते 100 बिग ब्लाइंड इकडेतिकडे हलतो. 90 धरू. डाव वाढतील तसा हा हेलकावा वर्गमुळाच्या हिशेबाने कमी होतो. 38,412 डाव म्हणजे शंभराचे 384 गठ्ठे. 384 चं वर्गमूळ साडेएकोणीस. 90 भागिले साडेएकोणीस, 4.6. माझा खरा दर 3.1 च्या आजूबाजूला 4.6 इतका सहज हलू शकतो. दुप्पट हलला तरी नवल नाही. मी चांगला खेळाडू असू शकतो आणि दर शंभर डावांना 4 घालवणाराही असू शकतो. सव्वादोन वर्षांच्या रात्री घालून पैशाच्या आकड्यावरून एवढंच कळतं.

एक लाख डाव झाले तरी हेलकावा 2.8 च्या आसपास राहतो. "या आठवड्यात हजार डावांत इतके जिंकलो, माझी पद्धत बरोबर आहे" असं सांगणारा माणूस तुम्हाला काहीच सांगत नसतो. त्याच्याकडे शंभराचे दहाच गठ्ठे असतात.

संध्याकाळी जागांप्रमाणे आकडे काढले. बिग ब्लाइंडच्या जागेवरून दर शंभर डावांना 62 बिग ब्लाइंड गेले. त्याचं दुःख नाही, कारण तिथे प्रत्येक वेळी पत्ते टाकून दिले तरी 100 जातात आणि चांगले खेळाडूही तिथे तोट्यातच असतात. स्मॉल ब्लाइंडवर मात्र 57 गेले. तिथे डोळे मिटून प्रत्येक डाव सोडला असता तर 50 गेले असते. खेळून मी जास्त घालवले! पण हे डाव फक्त 6,400, म्हणजे याही आकड्याला 11 चा हेलकावा. इथेही पैशावरून ठामपणे काही म्हणता येत नाही.

29 जून, रविवार

पैसे बोलत नसतील तर काय बोलेल, यावर आठवडाभर विचार केला. दोन गोष्टी सुचल्या.

एक म्हणजे माझ्या सवयी मोजणं. किती डावांत मी स्वतःहून पैसे घातले, किती वेळा रेज केलं (रक्कम वाढवली), किती वेळा नुसतं कॉल केलं (समोरच्याइतकेच पैसे घातले). या आकड्यांना पत्त्यांच्या नशिबाची झळ कमी लागते, त्यामुळे ते लवकर स्थिरावतात. ओंकारने लगेच एक प्रश्न टाकून बघितला: एका डावात 50 बिग ब्लाइंडहून जास्त हरल्यावर पुढच्या 30 डावांत मी कसा खेळतो? अशा 90 वेळा सापडल्या, म्हणजे 2,700 डाव. एरवी मी 23 टक्के डावांत पैसे घालतो. या 2,700 डावांत घातले 37 टक्के. इथे हेलकावा एका टक्क्याहूनही कमी आहे. शंका घ्यायला जागाच नाही.

मी टिल्टवर जात नाही, म्हणजे हरल्याच्या रागात वाहवत नाही, असं मी दोन वर्षं सगळ्यांना सांगत आलो. आवाज चढत नाही, मोबाइल आपटत नाही, हे खरं आहे. पण हात सैल सुटतो. एरवी ज्या चौकट नव्वी आणि बदाम सत्तीकडे मी बघतही नाही, तिच्यावर हरल्यावर पैसे टाकतो. आजपासूनचा नियम: मोठा डाव हरलो की त्या रात्रीचा खेळ बंद. "थोडा वेळ थांबून बघू" असंही नाही. लॉगआउट करायचं आणि झोपायचं.

दुसरी गोष्ट म्हणजे निकाल झाकून डाव तपासणं. ओंकारचा प्रोग्राम 120 डाव निवडेल, सगळे असे की मला कठीण निर्णय घ्यावा लागला होता. प्रत्येक डाव त्या निर्णयापर्यंतच दाखवेल. मी तेव्हा काय केलं, समोरच्याचे पत्ते काय निघाले, जिंकलो की हरलो, हे सगळं झाकलेलं. मी वहीत लिहायचं: काय करायला हवं आणि का. कारण लिहिल्याशिवाय पुढचा डाव उघडणार नाही. दर रविवारी 12. निकाल आठवड्याने उघडायचे.

6 जुलै, रविवार, आषाढी

उपासाची खिचडी खाऊन पहिले 12 डाव घेतले. सातव्या डावावर पाऊण तास गेला, तो सविस्तर उतरवतो.

मी बिग ब्लाइंडवर. पत्ते: इस्पिकचा राजा, इस्पिकचा गुलाम. बटणवरच्याने (शेवटी बोलायची जागा) 25 केले, स्मॉल ब्लाइंडने पत्ते टाकले, मी कॉल. पॉट 55. फ्लॉप (टेबलावरचे पहिले तीन पत्ते) आला चौकटचा राजा, चौकटची अठ्ठी, किलवरची चौकी. मी चेक (पैसे न लावता पुढे), त्याने 20, मी कॉल. पॉट 95. टर्नला, म्हणजे चौथ्या पत्त्याला, इस्पिकची दुर्री. मी चेक, त्याने 70, मी कॉल. पॉट 235. रिव्हरला, म्हणजे पाचव्या आणि शेवटच्या पत्त्याला, चौकटची राणी. मी चेक. त्याने पॉटएवढे, पूर्ण 235 लावले.

आता काय? 235 घालायचे आणि एकूण 705 च्या पॉटवर हक्क सांगायचा. 235 भागिले 705, म्हणजे तीन वेळांपैकी एकदा मी पुढे असलो तर बरोबरी. राजांची जोडी चांगली दिसते आणि हात कॉलवर जातो. पण "चांगली दिसते" हे वहीत लिहिण्यासारखं कारण नाही. म्हणून मोजायला बसलो.

मला हरवणारे आणि एवढे पैसे लावण्याजोगे त्याचे पत्ते कोणते? चौकटचा फ्लश (एकाच रंगाचे पाच पत्ते): एक्क्यासोबत दुसरा कुठलाही चौकट, नऊ प्रकारे. गुलाम-दश्शी, गुलाम-नव्वी, दश्शी-नव्वी, नव्वी-सत्ती, सत्ती-छक्की, छक्की-पंजी, पंजी-चौकी, सगळे चौकटचे, सात प्रकारे. झाले 16. सेट (हातातल्या जोडीला टेबलावरचा तसाच तिसरा पत्ता): अठ्ठ्यांचे 3, चौक्यांचे 3, दुर्र्यांचे 3, आणि राजांचा फक्त 1, कारण एक राजा टेबलावर आहे आणि एक माझ्या हातात. झाले 10. राजा-राणी: उरलेले दोन राजे गुणिले तीन राण्या, 6. एकूण 32.

आणि ब्लफ, म्हणजे हातात काही नसताना लावलेले पैसे? इथे खरी मेख आहे. फ्लॉपवरचा मोठा ड्रॉ (एखादा पत्ता लागला की पूर्ण होणारा हात) चौकटचाच होता आणि तो रिव्हरला पूर्ण झाला. मग फसलेले पत्ते उरले तरी किती? दुसऱ्या रंगांची सत्ती-छक्की 3, छक्की-पंजी 3, पंजी-तिर्री 3, गुलाम-दश्शी 2 (इस्पिकचा गुलाम माझ्याकडे). एकूण 11, तेही तो यातल्या प्रत्येकावर न चुकता पॉटएवढा ब्लफ मारत असेल तर. 43 मधले 11 म्हणजे साडेपंचवीस टक्के. हवेत 33. प्रत्येक कॉलमागे सरासरी 55 रुपये जातात.

वहीत लिहिलं: पत्ते टाकायचे. कारण: पूर्ण झालेले ड्रॉ भरपूर, फसलेले फार थोडे.

13 जुलै, रविवार

मागचे निकाल उघडले. सातव्या डावात मी तेव्हा कॉल केलं होतं. समोरच्याकडे निघाली किलवरची सत्ती आणि किलवरची छक्की. निव्वळ ब्लफ. 470 रुपये जिंकले होते.

हा डाव मला लख्ख आठवला. मागच्या वर्षी मी तो किमान तिघांना फुशारकीने ऐकवला होता: बघा, कसा ब्लफ पकडला! माझ्या मनातला सर्वांत अभिमानाचा कॉल हाच. आणि परवा निकाल दिसत नव्हता तेव्हा माझ्याच गणिताने तो चुकीचा ठरवला. त्या 11 पैकी एक डाव त्या दिवशी माझ्या वाट्याला आला, एवढंच घडलं होतं. पण त्याने मला शिकवलं काय, की रिव्हरला राजांची जोडी सोडायची नाही. नंतरचे किती डाव मी त्या शिकवणीवर घालवले ते आता शोधायचं आहे.

ओंकार दोन मिनिटं गप्प राहिला. मग म्हणाला, "हरलेल्या डावातून माणूस शिकतोच मामा, हे जिंकलेले कोण तपासणार?"

आजचे 12 झाले. दोन डाव छोट्या जोड्यांचे होते. हातात जोडी असताना फ्लॉपवर सेट लागण्याची शक्यता 11.8 टक्के, साधारण साडेआठ वेळांत एकदा. त्यामुळे दुर्र्यांवर किंवा तिर्र्यांवर कॉल करायचं तर समोरच्याकडे त्या रकमेच्या पंधरा-वीस पट तरी चिप्स मागे उरलेल्या हव्यात, नाहीतर सेट लागूनही भरपाई होत नाही. हे मला पाठ होतं आणि दोन्ही डावांत ते मी मोडलं होतं.

27 जुलै, रविवार

चार आठवड्यांत 48 डाव झाले. स्मॉल ब्लाइंडचा संशय आता पैशाच्या आकड्याशिवायही पक्का झाला. या 48 मध्ये स्मॉल ब्लाइंडचे नऊ डाव आले, त्यातल्या सात वेळा मी वहीत "टाका" किंवा "रेज करा" लिहिलं आणि प्रत्यक्षात नुसतं कॉल केलं होतं. "अर्धे तर आधीच घातलेत, थोड्यात फ्लॉप बघायला मिळेल", असा तो विचार. पण फ्लॉपनंतर प्रत्येक फेरीत पहिल्यांदा बोलायची वेळ त्याच जागेवर येते. बाकीच्यांना तुमची चाल दिसते, तुम्हाला त्यांची दिसत नाही. स्वस्तात घेतलेला फ्लॉप तिथून पुढे महाग पडत जातो.

नियम बदलला: स्मॉल ब्लाइंडवरून एक तर रेज, नाहीतर पत्ते खाली. कॉल नाही. बटणवरून मात्र मोकळेपणाने जास्त डाव खेळायचे, कारण तिथे सगळ्यांचं बघून शेवटी बोलता येतं.

चार टेबलं एकदम उघडायची सवयही मोडली. दोनच. गणित कागदावर पाऊण तास घेतं आणि टेबलावर पंधरा-वीस सेकंद मिळतात. चार टेबलं उघडी असली की मोजणी होतच नाही, सवयीने बटण दाबलं जातं. खेळताना दुसरीकडे सॉल्व्हर (योग्य चाल काढून देणारा प्रोग्राम) चालू ठेवून उत्तर बघणं हा उपाय काही जण करतात. ती लबाडी आहे, ॲपचे नियमही ती मानत नाहीत. अभ्यास टेबलाबाहेर करायचा.

10 ऑगस्ट, रविवार

72 डाव झाले. आज ओंकारने स्वतःहून एक जोड दिली: कून पोकर. हॅरॉल्ड कून या गणितज्ञाने 1950 मध्ये मांडलेला तीन पत्त्यांचा खेळ. त्यावर त्याने सीएफआर नावाची पद्धत चालवली. प्रोग्राम स्वतःशीच लाखो डाव खेळतो आणि प्रत्येक निर्णयानंतर "दुसरं काही केलं असतं तर किती बरं झालं असतं" याची पश्चात्तापाची वही ठेवतो. ज्याचा पश्चात्ताप जास्त, ती चाल पुढे जास्त वेळा खेळतो. ही पद्धत 2007 मध्ये कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठात निघाली, तिच्याच पुढच्या रूपाने 2015 मध्ये दोघांचा लिमिट होल्डम (लावायची रक्कम ठरलेली असते तो) जवळजवळ पूर्ण सोडवला गेला. 2017 मध्ये पिट्सबर्गच्या कॅसिनोत लिब्रेटस हा प्रोग्राम चार व्यावसायिक खेळाडूंशी 1,20,000 डाव खेळून जिंकला तेव्हा त्यामागेही हेच तत्त्व होतं.

कोणी न शिकवता ओंकारचा चाळीस ओळींचा प्रोग्राम ब्लफ मारायला शिकला. मी स्क्रीनवर आकडे स्थिर होताना बघत होतो. गणपतीत घरी गेल्यावर हे पत्त्यांनी करून बघायचं ठरलं.

21 ऑगस्ट, गुरुवार

काल लोकसभेत आणि आज राज्यसभेत ऑनलाइन गेमिंगचं विधेयक मंजूर झालं. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ सरसकट बंद, कौशल्याचा असो की नशिबाचा. चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत तुरुंगवास आणि एक कोटीपर्यंत दंड. खेळणाऱ्याला शिक्षा नाही.

रात्री बराच वेळ झोप आली नाही. पोकर आणि नुसता जुगार यांना एकाच दावणीला बांधलं याचं मला वाईट वाटतं, आणि ते मी लपवणार नाही. निकाल झाकून सहा आठवडे ज्या खेळाची मी गणितं मांडली तो खेळ नशिबाचा नाही. पण माझ्या जुन्या चाळीतला एक मित्र ऑनलाइन रमीत भविष्यनिर्वाह निधी घालवून बसला आहे. त्याच्या बायकोने मला फोन करून विचारलं होतं, "भाऊजी, तुम्ही पण खेळता ना, मग ह्यांना कसं थांबवायचं ते सांगा." माझ्याकडे उत्तर नव्हतं. तिच्यासमोर उभं राहून हा कायदा चूक आहे असं म्हणायची माझी तयारी नाही.

23 ऑगस्ट, शनिवार

काल राष्ट्रपतींची सहीही झाली. ॲपवर पैशांची टेबलं बंद, शिल्लक काढून घ्या अशी सूचना आली आहे. माझे 18,640 होते, ते काढायला टाकले.

ओंकारने विचारलं, गोव्याला जाऊन खेळणार का. पणजीत मांडवीवरच्या जहाजांवर राज्याच्या कायद्याने समोरासमोरचा खेळ चालतो. नाही जाणार. प्रवास, हॉटेल आणि मोठे ब्लाइंड. माझ्या ऐपतीतला तो खेळ नाही. ज्या टेबलाला बसायचं तिथल्या पूर्ण बाय-इनच्या, म्हणजे बसताना घ्यायच्या रकमेच्या, निदान तीस पट रक्कम केवळ या खेळासाठी बाजूला असावी, हा माझा नियम आहे आणि तो मी कधी मोडलेला नाही.

प्रकल्प चालू ठेवायचा. अजून 48 डाव झाकलेले आहेत.

30 ऑगस्ट, शनिवार, रत्नागिरी

उद्या गौरी येणार. रात्रीच्या जागरणाला पडवीत नेहमीप्रमाणे मेंढीकोटचे डाव पडले होते. साडेअकराला ओंकारने गुलाम, राणी आणि राजा एवढे तीनच पत्ते बाजूला काढले आणि आजीच्या डब्यातले चिंचोके आणले.

खेळ असा: दोघांनी एकेक चिंचोका मध्ये ठेवायचा, एकेक पत्ता घ्यायचा. पहिला एक तर चेक करेल, नाहीतर आणखी एक चिंचोका लावेल. दुसऱ्याने कॉल करायचं किंवा सोडायचं. पहिल्याने चेक केलं तर दुसरा लावू शकतो. मोठा पत्ता जिंकतो.

आप्पाकाका बसले ओंकारसमोर. ते सरळ पत्ते खेळणारे, साठ वर्षांचा सराव. त्यांनी लगेच पवित्रा घेतला: राजा आला की लावायचं, एरवी नाही. ओंकारने तो ओळखला. आप्पांनी चिंचोका पुढे सरकवला की तो पत्ता खाली टाकायचा. दहा-बारा डाव असेच गेले. आप्पांच्या राजाला मधल्या एका चिंचोक्यापलीकडे काही मिळेना.

"अरे, राजा असून काय उपयोग? हा येतच नाही अंगावर."

"आप्पा, तुम्ही लावलं म्हणजे राजा, हे मला कळलंय. कधीतरी गुलामावर लावून बघा."

"गुलामावर? हरायलाच?"

"हरायला नाही. मला शंका यावी म्हणून."

गणिताचं उत्तर आम्हाला माहीत होतं. पहिल्याने बोलताना राजावर जितक्या वेळा लावायचं त्याच्या एक तृतीयांश वेळा गुलामावर लावायचं. राणीवर लावायचं नाही. दुसऱ्याने, समोरून चेक आल्यावर, गुलामावर तीनपैकी एकदा लावायचं, आणि राणी हातात असताना समोरच्याने लावलं तर तीनपैकी एकदा कॉल करायचं. होल्डमच्या रिव्हरलाही तेच प्रमाण: पॉटच्या निम्मं लावताना तीन खऱ्या पत्त्यांमागे एक ब्लफ, पॉटएवढं लावताना दोनामागे एक. तीनपैकी एकदा हे मनाने ठरवायला गेलं की माणूस ठरावीक चालीत अडकतो, म्हणून ओंकारने भिंतीवरच्या घड्याळाचा सेकंद काटा धरला. काटा बारा ते चारच्या मध्ये असेल तर लावायचं.

आप्पांनी घड्याळाकडे बघून गुलामावर पहिला ब्लफ मारला तेव्हा त्यांची बोटं चिंचोक्यावरच राहिली, सोडवेनात. ओंकारकडे राणी होती. त्याने टाकली. आप्पांनी गुलाम उलटा करून सगळ्या पडवीला दाखवला आणि मग म्हणाले, "पण ह्यात उतारी ज्याची, त्याचं नुकसान दिसतंय."

आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो. दोघंही अगदी अचूक खेळले तर पहिला बोलणारा दर डावाला सरासरी एक अठरांश चिंचोका हरतो. मला हे समजायला 6,400 डाव आणि बरेच पैसे लागले. आप्पांना अर्धा तास पुरला.

14 सप्टेंबर, रविवार, ठाणे

आज सातव्यांदा 12 डाव. 84 झाले. गोषवारा: 29 डावांत वहीतलं उत्तर आणि प्रत्यक्ष चाल वेगळी. त्या 29 पैकी 12 मी जिंकलो होतो. या बारांची वेगळी यादी केली आहे. हरलेले सतरा मला आठवत होतेच, बहुतेकांची चूकही तेव्हाच कळली होती. या बारांपैकी एकाचीही नाही.

बारांपैकी आठ रिव्हरचे कॉल आहेत. राजा-गुलामाच्या डावानंतरच्या तारखांचे त्यात पाच.

6 ऑक्टोबर, सोमवार, कोजागिरी

गच्चीवर दूध आटवलं. आक्काही आली होती. दोन वर्षं तिने या खेळाचं नाव काढू दिलं नव्हतं. आज तिने आधी माझी हिशेबाची वही मागितली. 13,125 ची ओळ, 37 टक्क्यांची ओळ, सगळं वाचलं. मग म्हणाली, "आधी दाखवली असतीस तर मी एवढी भांडले नसते." आणि चिंचोक्यांच्या डावाला बसली. सहा जणांचा पूर्ण होल्डम, प्रत्येकी शंभर चिंचोके.

दुसऱ्या तासाला तिच्याकडे राण्यांची जोडी आली. फ्लॉपवर एक्का, आणि तिघे जण आत. तिच्या जावेने लावलं, ओंकारने वाढवलं. आक्का बराच वेळ पत्त्यांकडे बघत होती. राण्या हातात असताना त्या टाकणं किती जड जातं हे मला ठाऊक आहे. तिने विचारलं, "दोघांपैकी एकाकडेही एक्का नसेल, असं कितीदा होईल?" कोणी उत्तर दिलं नाही. तिने राण्या टाकल्या.

शेवटी दोघांनी पत्ते दाखवले. जावेकडे दश्श्या, ओंकारकडे फसलेला किलवरचा ड्रॉ. एक्का कोणाकडेच नव्हता. राण्या जिंकल्या असत्या.

"चुकलंच की माझं," आक्का म्हणाली.

"नाही आई," ओंकार म्हणाला आणि वही उघडून तिचा डाव लिहायला लागला, दाखवलेल्या पत्त्यांची ओळ कोरी ठेवून. 85 वा डाव हाच घ्यायचा ठरलं. जुन्यातले 36 अजून झाकलेले आहेत, त्यातले पुढचे 12 रविवारी.